आशा कोणाची, निराशा कोणाची?

(बुलढाणा जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या अभ्यास-शिबिरातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज मला एका शब्दावर बोलायला सांगितलंय. शब्द इंग्रजी आहे – डिस्पेअर. मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. समुपदेशनाच्या प्रशिक्षणाची जी पुस्तिका आपल्या मुली मराठीत आणताहेत, तिच्यात हा शब्द आला. एकीनं त्याला 'निराशा' लिहिलं, दुसरीनं 'नैराश्य', तिसरीनं 'हताशा'. तिथं आधीच 'डिप्रेशन'साठी 'नैराश्य' वापरून झालं होतं, त्यामुळे सगळाच गोंधळ झाला. मग एकीनं विचारलं, "ताई, यातला फरक काय? आणि फरक असला तरी आपल्याला त्याचं काय?" हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण हे शब्द आपल्या कामात रोज येतात. पोलिसांच्या कागदात येतात, तहसीलच्या अहवालात येतात, पेपरात येतात. माणूस गेल्यावर त्याच्या नावापुढे जे एक कारण लिहिलं जातं, ते याच दोन-चार शब्दांतून निवडलेलं असतं.

आधी शब्दाकडे बघू. लॅटिन भाषेत 'स्पेस' म्हणजे आशा आणि 'स्पेरारे' म्हणजे आशा करणे. त्याच्यामागे 'दे' लावला की 'देस्पेरारे'. हा 'दे' म्हणजे दूर जाणं, सुटणं, उणं होणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि चौदाव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत स्थिरावला. त्याच्या आधी इंग्रजांकडे स्वतःचा घरचा शब्द होता, 'वॉनहोप', म्हणजे उणी पडलेली आशा. राज्यकर्त्यांची भाषा आली आणि घरचा शब्द मागे पडला. हे आपल्याला काही नवीन नाही.

'डेस्परेट' हा शब्द याच घरातला. अमुक माणूस डेस्परेट झाला म्हणजे आता तो काहीही करील. आशा सुटलेला माणूस बसून राहतो असं आपल्याला वाटतं, पण या शब्दात तो उठतो, धावतो, हातघाईला येतो. स्पॅनिश ही लॅटिनचीच लेक. तिच्यात 'एस्पेरार' म्हणजे आशा करणे आणि 'एस्पेरार' म्हणजेच वाट पाहणे. दोन्हीला एकच क्रियापद. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

आणखी एक गंमत. इंग्रजीतला 'प्रॉस्परिटी', म्हणजे समृद्धी, हाही याच आशेच्या मुळाचा असं व्युत्पत्तीचे जाणकार मानतात. आशेप्रमाणे झालं ती समृद्धी. म्हणजे समृद्धी आणि निराशा या एका आईच्या पोटच्या. आपल्या जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्ग गेला. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना जमिनीचा मोबदला मिळाला. त्याच जमिनीत आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या किती जणींचं नाव त्या सातबाऱ्यावर होतं, ते ज्यांची शेतं गेली त्या गावांतल्या बायांना विचारून बघा.

आता आपले शब्द. निराशा म्हणजे आशा नसणं. हे फक्त एक स्थिती सांगतं. डब्यात तेल नाही, तशी मनात आशा नाही. पण 'हताश' हा शब्द वेगळा आहे. हत म्हणजे मारलेली. जिची आशा मारली गेली ती हताश. 'भग्नाश' असाही एक शब्द पुस्तकात सापडतो, जिची आशा मोडली ती. या दोन शब्दांत कोणीतरी काहीतरी केलेलं आहे. मारणारा आहे, मोडणारा आहे. त्याचं नाव शब्दात नाही, पण जागा मोकळी ठेवलेली आहे. आणि 'उमेद' तर फारसीतून आलेला शब्द, त्याचा 'नाउमेद'. बोलण्यात आपण याहून कितीतरी नेमकं बोलतो. धीर सुटला, उमेद खचली, हाय खाल्ली, धसका घेतला, जीव विटला, जीव उबगला. प्रत्येकाची छटा निराळी. हाय खाणं हे अचानक होतं. जीव विटतो तो हळूहळू विटतो, रोजचं ताट तेच ते समोर येऊन.

या शब्दांची वाटणी कशी झालीय ते बघा. मी पेपरातली कात्रणं जमवते, ही माझी जुनी खोड. शेतकरी पुरुषानं जीव दिला की बातमीत येतं – नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून, नैराश्यातून, हताश होऊन. आणि बाई गेली की? घरगुती कारणावरून. कौटुंबिक वादातून. किरकोळ कारणावरून. रागाच्या भरात. बायांच्या बातमीत 'हताश' हा शब्द मला फार क्वचित दिसला. पुरुष खचतो, बाई रुसते. पुरुषाच्या मरणाला पाऊस, भाव, बँक, सावकार अशी सगळी दुनिया कारण असते. बाईच्या मरणाला स्वयंपाकघराच्या चार भिंतींबाहेरचं कारणच नसतं.

म्हणून मी म्हणते, निराशा हासुद्धा एक मानाचा शब्द आहे. तो सगळ्यांना मिळत नाही. निराश व्हायला आधी आशा असावी लागते, आणि तुमची आशा लोकांनी मान्य केलेली असावी लागते. शेतकऱ्याची आशा सगळ्यांना दिसते. त्यानं पेरलंय, कर्ज काढलंय, आभाळाकडे बघतोय. बाईनं काय आशा धरली होती, हे तिच्या सासरी कोणाला माहीत असतं? माहेरी तरी असतं का? जी आशा कोणी मोजलीच नाही, ती गेल्याची नोंद कोण करणार?

हे मी हवेत बोलत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२१ सालचे आकडे घ्या. त्या वर्षी देशात शेतीक्षेत्रातल्या १०,८८१ जणांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यातले स्वतःची किंवा कसायला घेतलेली जमीन करणारे शेतकरी ५,३१८. या ५,३१८ मध्ये स्त्रिया किती? २११. आता त्याच अहवालात दुसऱ्या रकान्यात बघा. 'गृहिणी' म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया २३ हजारांहून अधिक. म्हणजे शेतीक्षेत्रातल्या एकूण आकड्याच्या दुपटीहून जास्त. शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर अधिवेशनं गाजली, मोर्चे निघाले, पॅकेजं आली, आणि ती यायलाच हवी होती. पण या २३ हजारांवर विधानसभेत कधी रात्र जागवली गेल्याचं मला तरी आठवत नाही. आणि दुसरा प्रश्न असा की, या 'गृहिणीं'मधल्या किती जणी सकाळी भाकरी थापून सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जात होत्या? रकान्यात एकच खूण करायची असते. नावावर जमीन नाही म्हणून शेतकरी नाही, दुसऱ्याच्या बांधावर रोजानं गेली नाही म्हणून मजूर नाही. मग उरतं काय? गृहिणी.

आपला बुलढाणा जिल्हा या हिशेबात चांगलाच मुरलेला आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भासाठी पॅकेज जाहीर केलं, त्या सहा जिल्ह्यांत आपण होतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा. त्याच वर्षीच्या राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत ठरली, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी चौकशी. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का. मग अहवालावर शेरा मारायचा, पात्र किंवा अपात्र. 'अपात्र आत्महत्या' हा शब्दप्रयोग आपण इतका ऐकलाय की त्यातलं भयानकपण आपल्याला टोचेनासं झालंय. मागे राहिलेली बाई चुलीपुढे बसून आपल्या नवऱ्याची निराशा खरी होती हे कागदांनी सिद्ध करत असते. हातउसनं घेतलं होतं, बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं, बचतगटाचं होतं, लेकीच्या लग्नाचं होतं, तर ते कर्ज म्हणून धरायचं की नाही हे साहेब ठरवणार.

आणि नंतरचं तिचं काय? महिला किसान अधिकार मंच, म्हणजे आपल्या 'मकाम'नं, २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ बायांचा अभ्यास केला. ज्यांच्या घरात शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली अशा या बाया. त्यातल्या सुमारे चाळीस टक्के बायांच्या नावावर नवऱ्याची जमीन आलेली नव्हती. कायद्यानं ती पहिल्या वर्गाची वारस. पण तलाठ्याकडे वारस नोंदवायला दीर घेऊन जाणार आणि दीरच तर जमीन कसतोय. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायला लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम शेतकरी महिला आघाडीनं गाजवला, सरकारनं १९९२ साली त्यासाठी परिपत्रकही काढलं. तिशी उलटली त्या कागदाला. आपल्या गटांतल्या किती जणींच्या घरी त्याप्रमाणे नाव लागलं, हे आज जेवणाच्या सुट्टीत हात वर करून मोजू या का? मला उत्तराची थोडी धास्तीच वाटते.

बुलढाण्यात बसून हे सगळं बोलताना ताराबाई शिंद्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचाराचे. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण पेपरवाल्यांनी त्या निमित्तानं साऱ्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाई चिडल्या आणि त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं.

आजच्या विषयाशी त्याचा संबंध काय? विजयालक्ष्मीच्या खटल्यात जगाला दोन गोष्टी दिसल्या, पाप आणि गुन्हा. तिची निराशा कोणाला दिसली नाही. ज्या समाजानं तिला पुन्हा लग्न करू दिलं नसतं, ज्यानं तिचं केशवपन केलं असतं, मूल वाढवलं असतं तर ज्यानं तिला जगू दिलं नसतं, आणि ते मूल ज्या पुरुषाचं होतं त्याला ज्यानं हाकही मारली नाही, तो समाज कोर्टात कुठेच उभा नव्हता. ताराबाईंनी नेमकी तीच बाजू धरली. बाईला वाईट म्हणता, तर तिला त्या जागी आणलं कोणी, असा त्यांच्या साऱ्या पुस्तकाचा रोख आहे. माझ्या मघाच्या भाषेत सांगायचं तर 'निराश' या शब्दावर न थांबता त्या 'हताश' या शब्दापर्यंत गेल्या. कोणी मारली, हे त्यांनी नाव घेऊन विचारलं. त्यांच्यावर टीका झाली, जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. हे एकच पुस्तकही विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशांनी ते पुन्हा छापलं तेव्हा आपल्या हाती आलं. मधली नव्वदेक वर्षं बुलढाण्याला आपल्या या लेकीचा पत्ता नव्हता.

पाप आणि गुन्हा म्हटलं म्हणून थोडं विषयांतर. युरोपात डिस्पेअर हा नुसता मनाचा भाव नव्हता, ते पाप होतं. आशा हा ख्रिस्ती धर्मात श्रद्धेच्या आणि प्रेमाच्या बरोबरीचा सद्गुण. मग आशा सोडणं म्हणजे देवाच्या दयेवर अविश्वास. स्वतःचा जीव घेणाऱ्याला चर्चच्या पवित्र जमिनीत पुरायलाही जागा मिळत नसे. हीच दृष्टी साहेबाच्या कायद्यात उतरली आणि १८६० च्या भारतीय दंडविधानातून आपल्याकडे आली. कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, १९९६ साली घटनापीठानं ते पुन्हा वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलं नाही. आता सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

हे सांगायचं कारण असं की कलम गेलं तरी भीती गेलेली नाही. दवाखान्यात वाचलेली बाई अजून म्हणते, "चुकून झालं ताई, केस होईल ना." सासरचेही तिला तेच पढवतात. ती 'चुकून' म्हणाली की त्यांची सुटका. त्यामुळे बदललेला कायदा गावागावात सांगणं हे आपलं काम आहे. तिच्यावर केस होणार नाही, तिला छळलं असेल तर छळणाऱ्यावर होऊ शकते.

आता मी मघाशी जे बाजूला ठेवलं होतं त्याकडे येते, आशा आणि वाट पाहणं. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी श्रावणात पोथी लागत असेल. भागवताच्या अकराव्या स्कंधात पिंगलेची गोष्ट आहे. एकनाथांनी त्या स्कंधावर टीका लिहिली, त्यामुळे ती मराठी घरांत पोचली. विदेह नगरीतली पिंगला ही वेश्या. नटूनथटून दाराशी उभी राहते. हा येईल, तो येईल, जास्त पैसे देणारा कोणी येईल, म्हणून रात्र सरत जाते. आत जाते, बाहेर येते. शेवटी तिची आशा सुटते आणि ती शांत झोपी जाते. अवधूतानं चोवीस गुरू केले त्यात ही एक गुरू. तिच्या गोष्टीत नैराश्य हे परमसुख म्हटलंय. बघा, जो शब्द आपण आज आजारासाठी वापरतो तोच तिथे सुखाला वापरलाय. इंग्रजी शब्दात पाप, आपल्या जुन्या शब्दात मोक्षाची वाट.

पोथी सांगणारे महाराज इथे थांबतात. सकाळी पिंगलेनं खाल्लं काय, हे पोथीत नाही. बाईला वैराग्याचा उपदेश करणं नेहमीच सोपं असतं, कारण तिच्याकडे सोडण्यासारखं फारसं नसतंच. तरी या गोष्टीत मला एक धागा सापडतो. पिंगलेनं आशा सोडली ती जगण्याची नव्हे. दारावर येणाऱ्या पुरुषाची वाट पाहणं तिनं सोडलं. या दोन गोष्टी एकच आहेत असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

आपल्या गटाकडे येणाऱ्या बाया आठवा. नवरा मारतो, दारू पितो, दुसरी ठेवलीय. दहा वर्षं, पंधरा वर्षं ती म्हणत असते, सुधारेल. पोरं मोठी झाली की सुधारेल. सासू गेली की सुधारेल. शेगावला पायी जाते, उपास धरते. ही आशाच तिला बांधून ठेवते. आणि एक दिवस ती आपल्या दारात येते नि सपाट आवाजात म्हणते, "आता त्याची काय आशा नाय ताई." आपल्या नव्या कार्यकर्त्या घाबरतात, फॉर्मवर 'निराश' लिहितात. माझा अनुभव असा की पुष्कळ वेळा तिचं खरं आयुष्य त्याच दिवशी सुरू होतं. पोटगीचा अर्ज, शिलाईचं मशीन, पोरीची शाळा, सगळं त्यानंतरचं. पण दुसरी एखादी अगदी याच शब्दांत, याच आवाजात बोलते आणि तिला वाचवायला आपल्याकडे एकच संध्याकाळ असते. या दोघी वरून सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक शब्दकोशात मिळत नाही, तो तिला विचारूनच कळतो. कशाची आशा नाही? त्याची नाही, की कशाचीच नाही? उद्या सकाळी उठून काय करणार आहेस?

तेव्हा विचारायला भिऊ नका. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं सरळ विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल, असा एक समज आहे. तो खोटा आहे. विचारल्यानं बहुतेकींना हलकंच वाटतं, कारण तोवर कोणी विचारलेलं नसतं.

डिप्रेशनबद्दलही दोन शब्द. तो शब्दही लॅटिनचाच, त्याचा अर्थ खाली दाबणं. पण आज तो आजाराचं नाव आहे आणि आजार खरा असतो. झोप उडणं, भूक मरणं, आंघोळ करावीशी न वाटणं, आठवडेच्या आठवडे मन मातीसारखं होणं, याला औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. चळवळीत कधी कधी आपण म्हणतो, समाज बदला, गोळ्या कशाला. ज्या बाईला अंथरुणातून उठवत नाही तिला समाज बदलेपर्यंत थांब म्हणणं हा दुष्टपणा आहे. उलट बाजूनं, नवरा रोज मारतोय आणि तिला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, तर तेही चूक. पुस्तिकेत डिप्रेशनला 'नैराश्याचा आजार' लिहा आणि डिस्पेअरला 'हताशा', असं मी सुचवते. पटलं नाही तर भांडा.

सरकारचं नावं ठेवण्याचं कसब मात्र वाखाणण्यासारखं. गावातली आरोग्यसेविका, तिचं नाव 'आशा'. बचतगटांचं अभियान, त्याचं नाव 'उमेद'. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रकल्प निघाला, त्याचं नाव 'प्रेरणा'. त्यात घरोघर जाऊन कोण निराश आहे याचा फॉर्म भरायचा कोणी? आशानं. सगळ्या गावाची आशा, उमेद आणि प्रेरणा बायांच्या खांद्यावर, आणि मोबदला कामाच्या तुकड्यावर. २०२३-२४ मध्ये याच आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. दुसऱ्याच्या निराशेची नोंद करणारीची निराशा कोणत्या फॉर्मवर भरायची, असं मला एका आशाताईनं हसत हसत विचारलं होतं.

अगदी साध्या दोन-तीन गोष्टी सांगून मी थांबते. निराशेची लाट येते तशी पुष्कळदा ओसरते. त्या तासाभरात हाताशी काय आहे यावर खूप काही ठरतं. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली, तर पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आलं. तिथली गरिबी किंवा संसारातली भांडणं काही तेवढ्यानं संपली नव्हती. बंदी आपल्या हातात नाही, मागणी करता येते. पण फवारणीचं औषध घरात, धान्याच्या कोठीशेजारी राहणार नाही, कुलपात राहील आणि किल्ली शेजारी राहील, एवढं आपले गट ठरवू शकतात. जिच्याबद्दल धास्ती वाटते तिला त्या रात्री एकटी सोडायची नाही. आणि टेली-मानसचा नंबर, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासूनचा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो दारामागे खडूनं लिहून ठेवा, मोबाइल नवऱ्याच्या हातात असतो तेव्हा पाठ असलेला बरा.

कात्रणांचं काम मला आता एकटीला होत नाही. तेराही तालुक्यांतून प्रत्येक गटानं एक वही घालावी. बाई गेल्याची बातमी आली की ती चिकटवायची, छापलेलं कारण एका बाजूला लिहायचं. मग महिन्याभरानं, दुःख थोडं निवल्यावर, तिच्या आईकडे, बहिणीकडे, शेजारणीकडे जायचं आणि विचारायचं की हिची आशा काय होती. ते दुसऱ्या बाजूला लिहायचं. नाव लिहू नका, गाव लिहू नका. तिच्या नावावर सातबारा होता का, तेवढं मात्र लिहा. दिवाळीनंतरच्या बैठकीला वह्या घेऊन या, मग त्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना भेटायचं की आधी पेपरवाल्यांना, ते सगळ्या मिळून ठरवू.